ताईसाठी आखलेला दिवस

आमच्या धक्क्यावर त्याला सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तो ओ देतो. पर्यटकांना नदीतून फिरवून आणणाऱ्या लाँचवर हातात माइक धरून "डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा" करणारा माणूस तो. नाव ऐकून वाटेल, भरदार छाती असेल, गडगडाटी आवाज असेल. तसलं काही नाही. हडकुळा, मान पुढे काढून चालणारा आणि माइक काढून घेतला तर शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलणारा गृहस्थ. पण बोलायचा थांबत नाही. दिवसभर लाँचवर बोलून झालं की माझ्या तिकीटखिडकीच्या मागच्या दाराने आत येतो, स्टुलावर बसतो आणि पुन्हा सुरू होतो. तोवर माझे पाय सुजून चपलेत मावेनासे झालेले असतात. मी नुसतं "हं" म्हणते. त्याला तेवढं पुरतं.

मी त्या खिडकीत जन्म काढलाय. लोक मला दोनच गोष्टी विचारतात, लाँच कधी सुटणार आणि बाथरूम कुठे आहे. एखादा फारच उत्साही असला तर तिसरं विचारतो, कुठल्या बाजूला बसलं की जास्त चांगलं दिसतं? त्याला मी सांगते, बाहेर पाटी आहे, वाचा. पाटीवर कुत्री आणू नयेत एवढंच लिहिलंय. पण तो जातो वाचायला आणि माझी सुटका होते. इतकी वर्षं नदीकाठी काढून नदीबद्दल तुमचं मत काय, असं कोणी विचारलं तर ती ओली असते आणि डास देते, यापलीकडे मला काही सांगता येणार नाही.

भोंग्याला मात्र नदीचं भारी कौतुक. आणि गंमत म्हणजे त्याने ती धड पाहिलेलीच नाही. तो लाँचच्या तोंडाशी उभा असतो, पण तोंड प्रवाशांकडे आणि पाठ पुढच्या दिशेला. राजधानीत बघण्यासारखं जे जे म्हणून आहे ते त्याच्या पाठीमागून येतं. त्याच्यासमोर असतात ती माणसं. कुठली इमारत किती चांगली हे तो माणसांच्या चेहऱ्यांवरून सांगतो. जुनी टांकसाळ आली की लोक जांभया देतात, म्हणून ती सुमार. घड्याळाचा मनोरा आला की सगळ्यांचे फोन वर होतात, म्हणून तो बरा. आणि मग शेवटच्या पुलापलीकडचं ते वळण.

तिथे नदी एकदम वळते आणि अख्खं शहर समोर येतं म्हणे. घुमट, धुराडी, एकामागे एक पूल, सगळं एका नजरेत. तिथे भोंगा माइक बंद करतो. वरिष्ठांनी एकदा त्याला त्याबद्दल झापलंही होतं, लोक बोलण्याचे पैसे देतात, गप्प बसण्याचे नाही म्हणून. त्याने ऐकलं नाही. बाकी सगळं मुकाट ऐकणारा माणूस, पण हे नाही.

"तिथे बोलायचं काय, बाई?" तो मला म्हणाला होता. "तिथे लोकांची तोंडं बघायची. भांडून चढलेले नवरा-बायको असतात ना, त्यांचीसुद्धा तोंडं तिथे सैल पडतात. एकदा ताईला आणणार आहे मी. तिचं तोंड बघायचंय मला तिथे."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा भोंगा चालायला नुकता लागला होता. वडील होते, पण ते असून नसल्यासारखे. तिनेच त्याला वाढवला. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसून त्याला शिकवला, लग्न लावून दिलं. ते लग्न टिकलं नाही, पण त्यात तिचा दोष नव्हता. तिचं स्वतःचं लग्न, नवऱ्याचं आजारपण, मुलगी, हे सगळं तिने याला सांभाळता सांभाळता मधल्या वेळात उरकलं असावं, असं तो सांगताना तरी वाटायचं.

तिला राजधानी दाखवायची हे तो वर्षानुवर्षं घोकत होता. कधी शाळा उघडायच्या तोंडावर तिला सुट्टी मिळायची नाही, कधी सुट्ट्यांच्या हंगामात याला. कधी मुलीचं बाळंतपण. आणि एक दिवस तो स्टुलावर येऊन बसला आणि काही बोलेना. मीच दचकले.

"भाचीने बोलावून घेतलंय तिला," तो म्हणाला. "परदेशात. कायमचं. घर रिकामं केलं. इथूनच विमान आहे. सकाळी रेल्वेने येणार, रात्री उडणार. मधला दिवस आहे तेवढा."

"मग छान की. दाखव सगळं."

"हो. पुन्हा कुठली येतेय ती? वय झालं, बाई." एवढं बोलून त्याने माझा शाईचा पॅड उगाचच सरळ केला.

मग त्या दिवसाची आखणी सुरू झाली. रोज संध्याकाळी माझं डोकं आणि त्याचा दिवस. सकाळची पहिली लाँच, पुढचं मधलं बाकडं. मग उद्यानात थोडी सावली. मग नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर जेवण. मग मोठं ग्रंथालय, त्याचा घुमट आतून. आणि संध्याकाळी पुन्हा लाँच.

"दोनदा लाँच?"

"सकाळचं ऊन वेगळं पडतं, संध्याकाळचं वेगळं. सकाळी तिला अंदाज येईल. संध्याकाळी वळण नीट बघता येईल."

"आणि ती रात्रभर गाडीत बसून येणार, पुन्हा रात्रभर विमानात बसणार, त्याचं काय? म्हातारी आहे ती. कुठेतरी आडवी होऊ दे दोन तास."

"ताई दमत नाही," तो म्हणाला.

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की मला हसावं की रडावं कळेना. धाकट्या भावंडांना असंच वाटतं. माझ्या धाकट्या बहिणीलाही वाटतं. ती सहा जणांना घेऊन माझ्याकडे राहायला येते आणि म्हणते, तुला काय, तुला सवय आहे.

शेवटी एक दिवस तो दारातच घुटमळला. "बाई, त्या दिवशी तुमची सुट्टी आहे ना? याल का बरोबर? बाईमाणूस असलेलं बरं. तिला वरचेवर... म्हणजे जावं लागतं. आणि काठावरची सगळी ठिकाणं तुम्हाला माहीत आहेत."

आता बघा. आठवड्यातून एक दिवस मी उशीवर पाय टाकून छताकडे बघत पडते, त्यात मला कोणीही हलवायचं नसतं. तोही दिवस बाथरूमं दाखवत फिरायचा! मी नाही म्हणणारच होते. पण तो उत्तरासाठी थांबला होता. बोलायचा थांबून माझ्याकडे बघत राहिला होता, आणि हे आमच्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी "बरं" म्हणून बसले.

त्या दिवशी स्टेशनावर ताई गाडीतून उतरली ती आधी पाठ धरून. बुटकी, अंगाने जड, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. तिने भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती वाळलास रे बारक्या. जेवतोस का नुसता बोलतोस?"

"दोन्ही," भोंगा म्हणाला आणि हसला. त्याला बारक्या म्हणणारं कोणी आहे हे ऐकूनच मला कसंतरी झालं. तिच्या बॅगा आम्ही माझ्या खिडकीमागच्या खोलीत ठेवल्या आणि धक्क्यावर आलो, तर लाँच दोरखंडाला बांधलेली आणि आमचा तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, टपावर पाय सोडून बसलेला.

"बंद," तो म्हणाला. "वरच्या धरणातून पाणी सोडलंय रात्री."

जुन्या पुलाच्या खांबावर तांबडा पट्टा रंगवलेला आहे. पाणी त्या पट्ट्याला टेकलं की लाँचचा टप पुलाखालून जात नाही, घासतो. मग लाँच बांधून ठेवायची, हा नियम. त्या सकाळी तांबडा पट्टा पार बुडाला होता.

"उतरेल दुपारनंतर," तांडेल म्हणाला. "नाहीतर उद्या."

'उद्या' ऐकल्यावर भोंग्याचा चेहरा असा पडला की मी दुसरीकडे बघितलं. ताईला काही कळलं नसावं. ती आजूबाजूला बघत, कमरेवर हात ठेवून उभी होती.

मी म्हटलं, "ताई, माझ्या खोलीत बाक आहे. पडा जरा. दुपारी लाँच सुटली तर जाऊ."

"चालेल की," ताई लगेच म्हणाली. तिच्या आवाजातच ते बाक दिसत होतं.

"छे छे," भोंगा म्हणाला. "दिवस एकच आहे. आपण काठाने जाऊ. सगळं काठावरच तर आहे."

आणि इथे त्याने ती चूक केली. या अख्ख्या राजधानीत दुसरा कोणी ती करू शकला नसता. त्याने दिवस सुरू केला तो तोंडात बसलेल्या क्रमाने. डावीकडे टांकसाळ, उजवीकडे मनोरा, डावीकडे नाट्यगृह, उजवीकडे उद्यान. लाँचवर बसलेल्या माणसाला याचा अर्थ एवढाच, की मान इकडून तिकडे वळवायची. पायी चालणाऱ्याला डाव्या-उजव्याच्या मध्ये नदी असते. म्हणजे दर वेळी पूल चढायचा, ओलांडायचा आणि पलीकडे उतरायचा.

पहिल्या पुलाला माझ्या लक्षात आलं नाही. माझंही डोकं सुट्टीच्या दिवशी बंदच असतं. पुलाला काठावरून दगडी पायऱ्या आहेत, उंच उंच. ताई कठड्याला धरून चढत होती. मध्येच थांबली, धापा टाकत वर बघितलं आणि वर उभ्या असलेल्या भावाला विचारलं, "दम लागला का रे?"

मला हसूच आलं. म्हटलं, बाईने स्वतःचं बघावं.

टांकसाळीला नदीच्या अंगाला कमानी आहेत, त्या पाण्यातून दिसतात. रस्त्याच्या अंगाला आहे ती लांबच लांब भिंत, कचऱ्याचे डबे आणि एक पहारेकरी. भोंग्याला हे माहीतच नव्हतं. तो टांकसाळीच्या मागून कधी आलाच नव्हता. तरी त्याने बोलायला सुरुवात केली. तेही आमच्याकडे तोंड करून, उलटा चालत. एकदा दिव्याच्या खांबावर आपटला, एकदा एका बाईच्या पिशवीवर. मी त्याला खांद्याला धरून सरळ फिरवला, तर त्याचे हात चुकायला लागले. मनोरा उजवीकडे म्हणायचा आणि हात डावीकडे करायचा. ताई हात दिसेल तिकडे बघायची आणि मोटारींच्या रांगेला "वा, छान" म्हणायची.

दुसरा पूल ओलांडून मनोरा झाला. मनोऱ्याखाली मी ताईला बाथरूमला नेलं. आत ती भिंतीला टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिचे घोटे बुटांच्या वर फुगून आले होते. माझ्या पायांना जे होतं तेच, पण माझ्यापेक्षा किती तरी जास्त.

"ताई, सांगा ना त्याला, बस झालं म्हणून."

"नको गं," ती म्हणाली. सकाळपासूनचं 'अहो-जाहो' तिने सोडून दिलं होतं, मला बरं वाटलं. "त्याने किती दिवस ठरवलंय हे. माझे पाय आज गेले तरी चालतील, त्याचा दिवस वाया जायला नको. उद्यापासून मला काय, मुलीकडे बसूनच तर राहायचंय."

बाहेर आले तर भोंगा माझ्या कानाशी. "बाई, बघितलंत? चेहरा बघा तिचा. तिला सगळं बघायचंय. म्हणून तर न बोलता चालतेय."

या दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं. आणि मग समोर तिसरा पूल दिसला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांब. आता कुठे?"

"नाट्यगृह. डावीकडे."

"म्हणजे पलीकडे. आणि मग?"

"उद्यान. उजवीकडे."

"म्हणजे पुन्हा अलीकडे! अरे शहाण्या, मनोरा आणि उद्यान एकाच काठाला आहेत की! सरळ पुढे गेलं तर लागतं उद्यान! मग मध्ये ही पलीकडची उडी कशाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. खरंच सांगते, त्या माणसाला ते तोवर दिसलंच नव्हतं. "पण क्रम तसा आहे," तो म्हणाला.

"क्रम लाँचचा आहे! हिच्या पायांचा नाही! सकाळपासून तू हिला नदीच्या आरपार शिवत सुटलायस!"

रस्त्यावरची माणसं बघायला लागली. भोंग्याने मागे वळून दोन्ही पुलांकडे बघितलं, मग ताईच्या पायांकडे. तो मोठा झालेला माणूस नव्हताच त्या वेळी.

"असू दे रे," ताई म्हणाली. "मला चालायला आवडतं. पूल किती छान आहेत तुमचे. वरून हवा लागते." आणि ती हट्टाने तिसऱ्या पुलाच्या पायऱ्या चढायला लागली. आता तिला अडवणं कोणाच्याच हातात नव्हतं.

नाट्यगृहाला दुरुस्तीसाठी बांबू लावले होते, जाळी टाकली होती. पायऱ्यांवर बसून आम्ही ताईने घरून आणलेला डबा खाल्ला. म्हणजे आम्ही दोघांनी खाल्ला. ती नुसती वाढत होती. विमानात सारखं उठायला लागू नये म्हणून सकाळपासून ती पाणीसुद्धा घोट-घोट पीत होती. भोंगा नुसता घास तोंडात घोळवत होता.

"एवढंच होतं गं माझ्याकडे तुला द्यायला," तो एकदम म्हणाला. "तेही मी असं केलं."

"वेडा आहेस," ताई म्हणाली आणि त्याच्या डब्यात आणखी वाढलं.

मलाच राहवेना. उठून जरा लांब गेले आणि तांडेलाला फोन लावला. तो म्हणाला, पट्टा दिसायला लागलाय, दिवस कलताना एक फेरी काढतो, या. आम्ही टॅक्सीने परत आलो. टॅक्सीत ताईने मान मागे टाकून डोळे मिटले, पण भोंगा खिडकीबाहेर बघत गप्प झाला की तिचे डोळे उघडायचे. ती त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा मिटायचे. मला वाटलं, गाडीचे हिसके लागत असतील.

धक्क्यावर तांडेल म्हणाला, "आजचा बोलणारा सकाळीच घरी गेला. लाँच बंद म्हटल्यावर थांबतो कशाला? भोंग्या, माइक तूच घे."

त्याला तेच हवं होतं. ताईला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून चढवलं आणि पुढच्या मधल्या बाकड्यावर बसवलं. मी शेजारी. भोंगा आपल्या जागी उभा राहिला, तोंड आमच्याकडे. दिवसभरात पहिल्यांदा आपले खांदे कुठे ठेवायचे ते त्याला कळल्यासारखं दिसलं. मला म्हणाला, "बाई, वळण राहिलंय अजून."

लाँच निघाली. स्पीकरमधून त्याचा आवाज आला, न चढणारा, न उतरणारा, एका संथ लयीतला. ताईने माझ्या हातावर हात ठेवला. "हा आपला बारक्या बोलतोय?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, याला हवं ते मिळालंच की इथे, वळणापर्यंत जायची गरजच काय.

टांकसाळीच्या कमानी आल्या. पाण्यातून खरंच बऱ्या दिसतात. ताईची मान थोडी कलली. मनोरा आला, फोन वर झाले, आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. झोपली. तोंड किंचित उघडं, चष्मा घसरलेला.

भोंग्याने ते बघितलं. एका शब्दाला अडखळला आणि पुढे गेला. तो नाट्यगृहाबद्दल बोलत होता, पण डोळे मला विचारत होते, उठवायचं का? मी खांद्याने तिला हळूच हलवून बघितलं. काही नाही. रात्रभर गाडीत, दिवसभर माझ्याबरोबर आणि त्याच्याबरोबर पुलांवर. मेलेल्या माणसासारखी झोपली होती ती.

उद्यान गेलं. शेवटचा पूल जवळ आला. पुलाखाली अंधारलं आणि त्याचा आवाज घुमला. मी तिच्या गालाला हात लावला. आता नाही तर कधीच नाही, हे मलाही कळत होतं. भोंग्याने मान हलवली. नको. बोलता बोलता, वाक्य न तोडता, नको म्हणाला. इतक्या वर्षांची त्याची एकच इच्छा, आणि ती त्याने माझ्यासमोर तशी सोडून दिली. मला त्याचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

लाँच पुलाबाहेर पडली. वळायला लागली. आणि सवयीने, नुसत्या सवयीने, त्याने माइक बंद केला.

शांत झालं. मागे कोणीतरी "अहाहा" म्हणालं, माणसं उभी राहिली.

ताई खाडकन जागी झाली. ताठ बसली. सगळं शहर त्याच्या पाठीमागे उन्हात पेटलं होतं. तिने नजर जराशी बाजूला केली असती तरी दिसलं असतं. तिने केली नाही. ती फक्त त्याच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा घाबरून पांढरा पडला होता.

"काय झालं? बारक्या? श्वास घे. बस खाली, बस. तोंड उघड, घे श्वास." ती उठली. त्या पायांवर, हलत्या लाँचमध्ये उठली आणि जाऊन त्याची पाठ चोळायला लागली.

"काही नाही झालं ताई, अगं, मागे बघ. माझ्या मागे बघ."

"मागे काय बघू? तू बोलायचा का थांबलास?"

मी जाऊन तिला धरून आणली, बसवली.

"लहानपणी दमा होता गं याला," तिने मला सांगितलं. "आई गेली त्या वर्षापासून. वाईट धाप लागायची. मी याला म्हणायचे, बोलत राहा. शाळेतलं म्हण, मनातलं म्हण, काहीही म्हण. याचा आवाज येत असला की मी जरा डोळा मिटायचे. आवाज थांबला की उठायचे."

"मला वाटायचं, मी घाबरू नये म्हणून बोलायला लावतेस," भोंगा म्हणाला.

"नाही रे. मला झोप मिळावी म्हणून."

वळण चालूच होतं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते नीट दिसत नव्हतं. डोळे पुसून बघावं तोवर पुन्हा भरत होते. त्या दोघांपैकी कोणीच तिकडे बघत नव्हतं.

"बोल की," ताई म्हणाली. "थांबू नकोस. इतकी चांगली झोप लागली होती मला."

वळणानंतर भोंग्याकडे बोलायला काही नसतं. लाँच उलटी फिरते, लोक आपापसात गप्पा मारत परततात. त्याने माइक सुरू केला, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "डावीकडे पाहा, जुनी टांकसाळ." डावीकडे झाडं होती. लोक माना वळवून शोधायला लागले. ताईचं डोकं पुन्हा माझ्या खांद्यावर आलं.

"अहो, कुठे आहे टांकसाळ?" मागून एक जण ओरडला.

"बसा हो गप्प," मी म्हटलं. "बोलू द्या त्यांना."

तो बोलत राहिला. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. धक्का आला, तांडेलाने दोर बांधला, माणसं त्याच्याकडे विचित्र बघत उतरून गेली. तांडेल इंजिन बंद करून आला, त्याने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि टपावर जाऊन बसला. रिकाम्या लाँचमध्ये भोंगा मनोऱ्याची माहिती सांगत होता. मी हळूच तिच्या डोक्याखाली माझी शाल घातली आणि उठले.

विमानाची वेळ होत आली होती. मी बोलावलेला टॅक्सीवाला वरच्या रस्त्यावरून हॉर्न देत होता. मी भोंग्याला मनगटावर बोट ठेवून दाखवलं. त्याला कळलं. तो थांबला की ती जागी होणार होती आणि जागी झाली की जाणार होती. त्याने मान हलवली आणि पुढचं वाक्य घेतलं.

मी वर जाऊन तिच्या बॅगा टॅक्सीत ठेवल्या. टॅक्सीवाल्याला म्हटलं, थांब जरा. खालून नाट्यगृहाचं ऐकू येत होतं. मग उद्यानाचं. मग शेवटचा पूल.